व्हिडिओ कॉलवरच्या मुलाखतीची तयारी: तुमचे अनुभव लिहा

बऱ्याच ठिकाणी नोकरीची पहिली फेरी आता व्हिडिओ कॉलवरच होते, काही जागांसाठी तर सगळ्याच फेऱ्या. कोणत्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं यावर भरपूर लिहिलं गेलंय. पण समोरचा माणूस एका चौकोनात, त्याने मान डोलावली की नाही ते नीट दिसत नाही, आपलं बोलणं तिकडे कसं पोचतंय याचा अंदाज नाही, अशा वेळी नेमकं काय कामी आलं ते हवंय. मुलाखत देणाऱ्यांनी लिहा, घेणाऱ्यांनीही लिहा. 'आत्मविश्वास ठेवा' यापेक्षा 'मी टेबल खिडकीसमोर ओढलं' हे पुढच्या माणसाला जास्त उपयोगी पडेल.

सुरुवात मीच करते. माझा सगळ्यात जास्त वेळ आवाजावर गेला आणि आजही मी तोच सल्ला देते. चित्र धूसर आलं तरी मुलाखत होते. आवाज तुटायला लागला की होत नाही. आदल्या दिवशी मैत्रिणीला त्याच अ‍ॅपवरून, त्याच खोलीतून आणि मुलाखतीच्याच वेळेला कॉल केला. त्या वेळी बाहेर काय आवाज असतात, नेट कसं चालतं, हे तेव्हाच कळतं. ब्लूटूथ हेडफोनवर गाणी छान वाजतात, पण माइक सुरू झाला की त्यातले बरेचसे कॉलच्या मोडमध्ये जातात आणि आवाजाचा दर्जा उतरतो. साधा वायरचा इअरफोन लावल्यावर मैत्रीण म्हणाली, "आता शेजारी बसून बोलतेयस असं वाटतंय." तोच ठेवला.

*

माझं कामच नेटवर्कचं आहे, म्हणून थोडी भर घालतो. स्पीड टेस्टमध्ये सगळे डाउनलोडचा आकडा बघतात, पण आपला चेहरा आणि आवाज तिकडे पोचवायचं काम अपलोडचं. झूमच्या शिफारशीप्रमाणे दोघांच्या कॉलमध्ये चांगल्या चित्रासाठी ६०० केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट) लागतात, ७२०पी म्हणजे आणखी स्पष्ट, एचडी चित्र हवं असेल तर १.२ एमबीपीएस, म्हणजे १२०० केबीपीएस. आकडे मोठे नाहीत. त्रास देतो तो वेगातला चढउतार, आणि त्यावर राउटरला केबल लावणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय.

माझ्या मुलाखतीत मध्येच नेट गेलं. फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला आधीच जोडून बघितलेला होता, त्यामुळे लगेच परत आलो आणि विचारलं, "व्हिडिओ बंद ठेवून बोललो तर चालेल का?" नुसत्या आवाजाला १०० केबीपीएसच्या आतच भागतं. उरलेली मुलाखत तशीच झाली आणि नोकरीही मिळाली.

*

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूची. गेली काही वर्षं भरतीच्या मुलाखती घेते आणि चांगली माणसं एका विचित्र कारणाने गोंधळताना बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा प्रश्न संपून उत्तर सुरू व्हायला फार थोडा वेळ जातो. दहा भाषांची तुलना करणारा एक अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ही सरासरी साधारण २०० मिलिसेकंद निघाली. आता कॉलचा विचार करा. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय मानकात एका दिशेचा १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चांगला समजतात. जाऊन-येऊन झाले ३००. म्हणजे उत्तम कॉलवरसुद्धा आपल्या अंगवळणी पडलेल्या लयीपेक्षा जास्त खंड पडू शकतो. उमेदवाराला वाटतं समोरची गप्प झाली, उत्तर आवडलं नाही. तो घाईने पुढे बोलू लागतो, त्याच क्षणी माझा प्रश्न पोचतो, दोघंही थांबतो, "बोला, बोला" सुरू होतं.

माझी कळकळीची विनंती: प्रश्न संपला की एक श्वास घ्या. तो खंड आम्हाला खटकत नाही. उत्तर संपलं की "एवढंच सांगायचं होतं" असं स्पष्ट म्हणा. आणि माझ्या चेहऱ्यावरून निकाल काढू नका. मी खाली बघते तेव्हा तुमचंच बोलणं लिहून घेत असते, बाजूला बघते तेव्हा दुसऱ्या स्क्रीनवर तुमचाच बायोडेटा उघडा असतो. मी मान खाली घातली की कितीतरी जणांचा आवाज बारीक होत जातो, आणि नेमका तेव्हाच ते सर्वात चांगलं काही सांगत असतात.

टिपणं जवळ ठेवली तर माझी काहीच हरकत नाही. चार शब्दांची चिठ्ठी कॅमेऱ्याशेजारी चिकटवा. पूर्ण वाक्यं मात्र लिहू नका. डोळे ओळीवरून ओळीवर फिरताना स्पष्ट दिसतात.

*

उजेडाबद्दल थोडक्यात. खिडकी पाठीमागे असली की कॅमेरा तिच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळा पडतो, म्हणून खिडकी समोर घ्या. चष्मा असेल तर दिवा थोडा वर आणि बाजूला सरकवा, काचेवरची चमक जाते. बारीक रेघांचा शर्ट टाळा, स्क्रीनवर लाटा उठतात. लॅपटॉपखाली पुस्तकं रचून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा.

*

मला कमी ऐकू येतं. व्हिडिओ मुलाखत म्हटल्यावर ओठ नीट दिसतील की नाही याचीच धास्ती होती. बोलावणं आलं त्याच दिवशी उत्तर पाठवलं: मी लाइव्ह कॅप्शन, म्हणजे बोलणं स्क्रीनवर अक्षरांत दाखवणारी सोय, सुरू ठेवणार आहे, एका वेळी एकानेच बोलावं, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड असावा. मागण्या तीनच, पण स्पष्ट. त्यांनी सगळ्या पाळल्या. कॅप्शन विशेषनामांवर आणि तांत्रिक शब्दांवर अडखळतात, म्हणून तेवढे शब्द चॅटमध्ये टाइप करायला सांगितलं. समोरासमोरच्या मुलाखतीत मला अशी सोय कधीच मिळाली नव्हती. ज्यांना अशी गरज आहे त्यांनी संकोच न करता आधीच कळवा. ती सवलत नाही, काम नीट व्हायची अट आहे.

वरच्या ताईंनी खंडाबद्दल लिहिलंय त्यात माझी भर: कॅप्शन वाचणाऱ्याला आणखी थोडा वेळ लागतो. मुलाखत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

*

स्वतःचा चेहरा बघत बोलणं मला फार थकवायचं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली, त्यात हेही एक आहे. 'सेल्फ व्ह्यू' लपवण्याची सोय झूममध्ये आहे; आपण इतरांना दिसत राहतो, फक्त स्वतःला दिसत नाही. कॉलची खिडकी छोटी करून कॅमेऱ्याच्या अगदी खाली ठेवली की समोरच्याचा चेहराही दिसतो आणि नजरही जवळपास जुळते.

*

तांत्रिक फेरी असलेल्यांसाठी: स्क्रीन शेअर करताना पूर्ण स्क्रीन देऊ नका, एकच विंडो निवडा, नोटिफिकेशन बंद करा. मॅकवर (अ‍ॅपलच्या संगणकावर) स्क्रीन शेअर करायची आधी परवानगी द्यावी लागते आणि त्यानंतर अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडायला लागू शकतं, तेव्हा हे आदल्या दिवशीच उरका. मला सुरुवातीला मान दोन्हीकडे वळवून दाखवायला सांगितलं. क्षणभर नवल वाटलं, पण त्यामागे कारण आहे. अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२२मध्येच ऑनलाइन मुलाखतींत डीपफेक, म्हणजे संगणकाने बनवलेले खोटे चेहरे वापरले जात असल्याचा इशारा दिला होता. तपासणी दोन्ही बाजूंनी व्हावी. मुलाखतीसाठी किंवा नोकरीसाठी कुणी पैसे मागितले तर कॉल तिथेच संपवा.

*

एक प्रश्न: माझ्या भावाचा कॉल ऐन रंगात असताना आपोआप बंद झाला. नेट व्यवस्थित होतं. असं का झालं असेल?

*

कॉल झूमवर असेल आणि बोलावणाऱ्यांचं खातं मोफत असेल तर ४० मिनिटांनी मीटिंग बंद होते. दादाला सांगा, आधी त्याच लिंकवरून परत जायचा प्रयत्न करायचा. जमलं नाही तर लगेच ईमेल. आणि पुढच्या वेळी बोलावणं आलं की उत्तरातच विचारून ठेवायचं: कॉल तुटला तर कोणत्या नंबरवर फोन करू?