वाढत्या पिल्लाचं जेवणावरून मन उडतं तेव्हा – तुमचे अनुभव

आमची चिकू लॅब्रेडॉर. घरी आली तेव्हा पावणेदोन महिन्यांची होती. भांड्याचा आवाज झाला की असेल तिथून धावत यायची. पाचव्या महिन्यात एका सकाळी भांड्यापाशी गेली, हुंगलं, एक दाणा तोंडात घेतला, परत फरशीवर ठेवला आणि माझ्याकडे बघत बसली. दुपारी तेच, रात्री तेच. मी दही कालवलं, चिकनचं पाणी घातलं, मांडीवर घेऊन भरवलं. सासूबाईंनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. खेळणं मात्र चालू होतं, चपला पळवणंही.

तिसऱ्या दिवशी पायपुसणं झटकलं तर त्यातून तांदळाच्या दाण्याएवढा दात पडला. ओठ वर करून पाहिलं. हिरड्या लालभडक, आणि दुधाच्या सुळ्याला खेटून नवा सुळा वर आलेला. कोरडं खाणं चावताना दुखत होतं तिला. कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवून दिलं आणि भांडं चाटूनपुसून लख्ख झालं. डॉक्टर म्हणाले, दुधाचे दात २८, ते चौथ्या महिन्याच्या आसपास पडू लागतात आणि सातव्यापर्यंत पक्के ४२ येतात. दुधाचा सुळा पडलाच नाही तर काढावा लागतो, तेवढं बघत राहा.

त्या तीन दिवसांत जीव नुसता टांगणीला लागला होता. म्हणून हा धागा काढतेय. तुमच्या पिल्लानं जेवण टाकलं तेव्हा नेमकं काय होतं, कशावरून ओळखलंत, किती थांबलात? सविस्तर लिहा.

*

आमच्याकडे दात नव्हे, माणसं कारण होती. घरात सात जण. आजोबा चहाबरोबर बिस्किट देणार, आई पोळ्या लाटताना पहिली पोळी त्याची, मुलं डब्यातलं उरलेलं घालणार. शेरू सहा महिन्यांचा होता, दिवसभर तोंड हलत असायचं आणि त्याच्या जेवणाच्या वेळी तो पाठ फिरवायचा. मग चिकन उकडून घातलं. ते खाल्लं, आणि दुसऱ्या दिवसापासून चिकनशिवाय भांड्याकडे बघेना.

शेवटी फ्रिजवर कागद लावला, जो जे देईल ते त्यानं लिहायचं. चार दिवसांत घरातल्या प्रत्येकाला कळलं. आता सकाळ-संध्याकाळ भांडं ठेवतो, १५-२० मिनिटांनी उचलतो, मध्ये काही नाही. दोन दिवस त्यानं ताणून धरलं, तिसऱ्या दिवशी जेवला. पण हा हट्ट फक्त धडधाकट, सहा महिन्यांच्या पुढच्या पिल्लाशी करा. दोन-अडीच महिन्यांच्या, त्यातही लहान जातीच्या पिल्लाला उपाशी ठेवू नका. त्यांची साखर काही तासांत उतरते आणि पिल्लू लटपटायला लागतं.

*

वरचे दोन्ही अनुभव वाचले. माझा वेगळा आहे, आणि तो लिहायला मला दोन दिवस लागले.

सोसायटीच्या गेटपाशी गावठी कुत्रीची दोन पिल्लं होती, ती घरी आणली. तीनेक महिन्यांची असावीत. पहिली लस झाली होती, दुसरीची तारीख चार दिवसांवर होती. रविवारी सकाळी काळ्यानं दहीभात हुंगला नाही. वाटलं, आदल्या दिवशी जास्त झालं असेल, एक वेळ उपास पडला तर बरंच. संध्याकाळी तो कपाटामागे जाऊन बसला. हाक मारली तर शेपटी हलली, पण मान उचलली नाही. रात्री पिवळा फेस ओकला. पहाटे रक्ताची पातळ शी. त्या वासाला दुसरी उपमा नाही, एकदा घेतलेला माणूस तो विसरत नाही.

पार्व्हो, पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. सकाळी दोघांनाही दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काळ्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही, तशीच उभी राहिली. एवढं पाणी अंगातून गेलं होतं. तो दुसऱ्या रात्री गेला. भुरीला सहा दिवस सलाईन लागलं आणि ती वाचली.

रविवार सकाळ ते सोमवार सकाळ, हे २४ तास माझ्या मनातून जात नाहीत. म्हणून कळकळीनं सांगते. जेवत नाही पण उड्या मारतंय, त्याला एखादा दिवस बघा. जेवत नाही आणि कोपरा धरून बसलंय, त्याला त्याच तासाला उचला. लस सहा ते आठ आठवड्यांत सुरू करून दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत द्यायची असते. एका डोसवर भागत नाही. आणि ज्या अंगणात पार्व्हो झाला तिथं महिनोन्‌महिने बिनलसीचं पिल्लू आणू नका, विषाणू तिथंच असतो. फिनाईलवर विसंबू नका, फरशी ब्लीचनं धुवा.

*

मी लातूरकडचा, आमच्यात कारवानी ही सडपातळ शिकारी कुत्र्यांची जात पाळतात. शहरातून पिल्लू न्यायला आलेली माणसं दर वेळी विचारतात, हे खात नाही का, बरगड्या दिसतायत. कारवानीची अंगलट तशीच असते. त्याला लॅब्रेडॉरच्या मापानं भरवू नका. एकाला पिल्लू दिलं, त्यानं रोज अंडी, मटण, वर दूध असं चालवलं. दुधानं जुलाब लागले, मग पिल्लानं खाणंच सोडलं. ज्वारीची भाकर ताकात कुस्करून आणि जोडीला थोडं मांस असं पूर्ववत सुरू केल्यावर सुधारलं. पोट खपाटीला असणं वेगळं. पोट फुगलेलं, बाकी अंग वाळलेलं आणि केस निस्तेज असतील तर जंत बघा. आमच्या एका पिल्लाच्या ओकारीत शेवयांसारखे पांढरे जंत पडले होते. औषध दिलं, आठवड्यात पुन्हा खायला लागलं.

*

ठाणे. जुलैत फिरायला गेलो असता कुणीतरी फेकलेलं, दाणे खाऊन उरलेलं मक्याचं कणीस आमच्या बीगलनं उचललं. ओढायच्या आत गिळलं. तीन दिवस बरा होता. मग जेवण बंद, पाणी प्यायला की ओकायचा, शी नाही. कणीस पोटात विरघळत नाही, आतड्यात बुचासारखं बसतं. एक्स-रेत नीट दिसलं नाही, सोनोग्राफीत सापडलं. पोट उघडून काढावं लागलं. पिल्लानं काही गिळल्याची नुसती शंका असली तरी डॉक्टरांना ते आधी सांगा. मी लाजेनं उशिरा सांगितलं.

*

पावसाळ्यानंतर गोचिडांचं विसरू नका. आमच्या राणीला दिवाळीत ताप आला, जेवण अर्ध्यावर. हिरड्या गुलाबीच्या पांढुरक्या झाल्या होत्या आणि लघवी काळ्या चहासारखी. रक्त तपासल्यावर गोचीडताप निघाला. तेव्हापासून कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात रोज बघतो. घरात थर्मामीटर ठेवलाय, कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्या घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका.

*

रत्नागिरी. आमचं कारण साधं होतं. पावसात मोठं पोतं उघडं राहिलं, खाणं सादळलं आणि त्याला कुबट वास आला. आम्हाला आला नाही, पिल्लाला आला. आता लहान पाकीट आणतो, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतो.

*

धागा काढणारी मीच. सगळं वाचलं, थर्मामीटर मागवला. काळ्याबद्दल फार वाईट वाटलं. विचारू की नको असं झालंय, पण भुरीनं पुन्हा खायला कशी सुरुवात केली?

*

विचारा हो. सातव्या दिवशी घरी आणली. डॉक्टरांनी तांदळाची पातळ पेज सांगितली होती, दोन-दोन चमचे, दर दोन तासांनी. पहिल्या तीन वेळा तिनं तोंड फिरवलं. रात्री अकराच्या सुमाराला मी तिच्याजवळ जमिनीवर आडवी झाले होते, हाताला पेज लागलेली तशीच होती. झोप लागणार एवढ्यात बोटाला खरखरीत काहीतरी लागलं. ती चाटत होती. दिवा लावला नाही, हात तसाच ठेवला.