मॅडनचे गुण: समीक्षकांचं ऐकू की खेळणाऱ्यांचं?

परसबाग (न्यू जर्सी):
मंडळी, मुलगा १३ वर्षांचा आहे. वर्गातली मुलं मॅडन हा अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळतात, म्हणून यालाही हवाय. मला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मेटाक्रिटिकवर (परीक्षणांचे गुण एकत्र देणारी साइट) बघितलं तर मॅडन २१ ला (२०२० ची आवृत्ती) समीक्षकांनी शंभरात साठीच्या घरात गुण दिलेत आणि खेळणाऱ्यांनी दहात एकसुद्धा नाही! एवढी तफावत कशी? आणि हा "अमक्याला ९९ मिळाले" म्हणून नाचत असतो, ते काय?

डावखुरा:
ताई, २००४ साली मी टेक्सासला एमएस करत होतो. चौघं मराठी पोरं, एक जुना प्लेस्टेशन २. त्या उन्हाळ्यात मॅडनचा प्रतिस्पर्धी गेम ईएसपीएन एनएफएल २के५ आला, फक्त २० डॉलरला! मॅडन तेव्हा ५० ला होता, त्यालाही पुढे तिसापर्यंत उतरावं लागलं. २के५ मध्ये हाफटाइमला टीव्हीवरचा निवेदक क्रिस बर्मन आपण नुकत्याच खेळलेल्या डावातले क्षण दाखवायचा. स्वयंपाक गॅसवर टाकून आम्ही ते बघायला धावायचो. डिसेंबरात एनएफएल या व्यावसायिक लीगने आपले संघ गेममध्ये वापरण्यासाठी फक्त मॅडनवाल्या ईए कंपनीशी करार केला आणि २के मालिकेचा रस्ताच बंद झाला. लोकांचा राग तेव्हापासूनचा आहे. समीक्षक एका वर्षाचा गेम तपासतो. खेळणारा मात्र दरवर्षी नव्याने पैसे मोजतो आणि फ्रँचायझी मोड (यात एक संघ अनेक हंगाम चालवायचा असतो) जवळपास तसाच बघतो. २०२० मध्ये त्यावर हॅशटॅग चालला होता, मग लोकांनी थेट शून्य द्यायला सुरुवात केली. ते शून्य सगळ्या वर्षांचं मिळून आहे.

आता ९९. वेग, फेकीची ताकद, सामन्याची जाण असे प्रत्येक खेळाडूला बरेच गुण असतात; जागेनुसार वजन देऊन त्यांचा एक आकडा काढतात. ९९ ही कमाल. बचावपटू अ‍ॅरन डोनाल्डला ती सात वेळा मिळाली. पण मला विचाराल तर एकच गुण सगळा खेळ फिरवतो. मॅडन २००४ मध्ये मायकल विकला वेग दिला होता ९५, तोही क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, असून! पासची वाटच बघायची नाही. अंगठा उजवीकडे दाबून धरायचा, कडेने सुटायचं, मागे बचावपटू धापा टाकतायत. शेवटी आमच्या खोलीत नियमच झाला: विकचा संघ फाल्कन्स कुणी घ्यायचा नाही. एवढी मजा मला पुन्हा कुठल्याच आकड्याने दिली नाही.

मधली_सुट्टी:
डावखुरा, फ्रँचायझीचं पटलं, पण १३ वर्षांचा मुलगा तो मोड कशाला उघडेल? तो मित्रांशी ऑनलाइन खेळणार. ताई, मॅडनच्या अल्टिमेट टीम मोडमध्ये (आपला संघ जमवायचा असतो) खेळाडूंच्या कार्डांची पाकिटं खऱ्या पैशांनी घेता येतात. कन्सोलवर खर्चाची मर्यादा आधी घाला, गेम मग आणा. आणि कॉलेज फुटबॉल २५ पण बघा. कॉलेजचा गेम २०२४ मध्ये तब्बल ११ वर्षांनी आला आणि समीक्षकांना बराच आवडला.

परसबाग:
दोघांचे मनापासून आभार. मर्यादा आत्ताच घातली. चिरंजीवांना विचारलं, मित्र काय खेळतात? मॅडनच. मग मॅडन आणते. विकचं सांगितलं तर जेवता जेवता उठून त्याचे जुने व्हिडिओ शोधायला गेला, पान तसंच आहे अजून.

डावखुरा:
त्याला २००२ चा मिनेसोटाविरुद्धचा सामना दाखवा. ओव्हरटाइममध्ये ४६ यार्ड धावला होता, खराखुरा.