मदत हवी आहे: १९९९ च्या मियाटात जीएल-४ घालू की जीएल-५?

नमस्कार मंडळी. गाडी माझ्दा एमएक्स-५ (म्हणजेच मियाटा), ५ गिअरची, वापरलेली. जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे ग्रेड. गार असताना दुसरा गिअर पडताना खरखरतो, १०-१५ मिनिटं चालली की गप्प. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं याची नोंद नाही.

पद्धत ठरलेली आहे: गाडी चार स्टँडवर अगदी सपाट, आधी ऑइल भरायचा वरचा बोल्ट सैल, मगच ऑइल काढायचा खालचा. वरचा अडकला आणि खालून ऑइल गेलेलं असलं तर गाडी जागेवरच बसली. नवे वॉशर, साधारण २ लिटर, भोकातून ओघळेपर्यंत. खालच्या बोल्टच्या चुंबकावरचा राखाडी लेप चालेल; पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून पिवळे कण निघालेल्या ऑइलमध्ये उजेडात बघणार.

अडलंय ते ऑइलपाशी. मॅन्युअलला ७५डब्ल्यू-९० (हा ऑइलचा दाटपणा) दोन्ही ग्रेडमध्ये चालतं. पण जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त, पितळी सिंक्रोला (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) ते मानवत नाही, म्हणून माझा कल जीएल-४ कडे. कोणी दोन्ही वापरून पाहिलीत का? थंडीत दुसऱ्या गिअरला खरंच फरक पडतो?

शिवाय गिअर दांड्याखालच्या कपात वेगळं ऑइल असतं, जेमतेम ८०-९० मिली. तिथेही तेच भरता ना? रबरी बूट फाटला असेल तर सोबतच बदलावा म्हणतो.