अखलाक (शील) शिकवता येतो, की नुसता पाठ करून घेता येतो?

प्रश्न:
बी.एड.च्या निबंधासाठी मी इस्लामी शिक्षणपरंपरेतील शीलसंवर्धनाविषयी वाचत आहे. ‘तालीम’ म्हणजे शिकवणे आणि ‘तरबियत’ म्हणजे घडवणे, हा भेद सगळीकडे सांगितला जातो. परंतु मुलाने कुराणातील सुरा (अध्याय) पाठ केल्या, अर्थही सांगितला, तरी त्याचा अखलाक घडला हे उस्तादांनी कशावरून ओळखायचे? जुन्या ग्रंथकारांनी याचा विचार केला आहे का?

उत्तर १:
केला आहे, आणि बारकाईने केला आहे. इस्लामी धर्मविचारक इमाम गझाली (१०५८–११११) यांच्या ‘इह्या उलूम अद-दीन’ या ४० भागांच्या ग्रंथातील २२वा भाग याच विषयाचा आहे. ज्या वृत्तीतून कृती विनासायास घडते तिला ते शील म्हणतात. त्यामुळे मन मारून एकदा दान देणारा दानशूर ठरत नाही, मात्र तसेच देत राहिला तर पुढे ते त्याच्या अंगवळणी पडते. सुलेखन शिकणारा कसबी लेखकाची अक्षरे गिरवत राहतो आणि कालांतराने ते वळण त्याच्याच हाताचे होते, असा त्यांचा दृष्टान्त आहे. (आपणही ‘वळण लावणे’ हे अक्षराबद्दल आणि मुलाबद्दल सारखेच म्हणतो.)

उत्तर २:
त्याच भागातील लहान मुलांविषयीचा मजकूर जरूर पाहावा. इतरांच्या आधी जेवणाला हात घालू नये, अन्नाकडे टक लावून बघू नये, इथपर्यंत तपशील आहे. मुलाच्या हातून पहिल्यांदाच चूक झाली आणि ते ती लपवू पाहत असेल, तर मोठ्यांनी तिकडे काणाडोळा करावा, असे गझाली सांगतात. मकतब (मुलांची प्राथमिक धार्मिक शाळा) सुटल्यावर खेळू द्यावे, नाहीतर मुलाचे मन मरते, हेही तिथेच आहे.

उत्तर ३:
गिरवण्याचा मुद्दा मान्य, पण गिरवून घेतो कोण आणि कसे, हे पाहायला हवे. इतिहासकार इब्न खल्दून यांनी ‘मुकद्दिमा’ या ग्रंथामध्ये (१३७७) स्पष्ट लिहिले आहे की धाकात शिकलेले मूल खोटेपणा आणि वरवरचे वागणे शिकते, आणि मग तोच त्याचा स्वभाव होतो. लहानपणी मी ज्या मकतबमध्ये जात असे तिथे सबक (धडा) चुकला की छडी बसे. सबक पाठ झाले खरे. परंतु ओठ हलवून पाठ येत असल्याचे सोंग करायलाही आम्ही तिथेच शिकलो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मूल्यमापनाच्या तक्त्यात मी ‘प्रामाणिकपणा: ५ पैकी गुण’ असा रकाना केला होता, तो आज खोडला.