‘खंडवहन’, ‘भूपट्ट’ आणि ‘विवर्तनिकी’

प्रश्न : ‘खंडवहन’ (continental drift) आणि ‘भूपट्ट विवर्तनिकी’ (plate tectonics) हे शब्द एकाच सिद्धांतासाठी वापरले तर चालतील का? यातील ‘विवर्तन’ म्हणजे नेमके काय?

उत्तर : हे शब्द समानार्थी नाहीत. खंड एकमेकांपासून दूर सरकत गेले, या जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या कल्पनेपुरताच ‘खंडवहन’ हा शब्द राखून ठेवावा. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील किनारे, खडक आणि जीवाश्म यांचा मेळ त्यांनी दाखवला. परंतु खंडांना वाहून नेणारे बल कोणते, याचे पटण्याजोगे उत्तर १९३० मध्ये ग्रीनलंडमध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हाही मिळालेले नव्हते. पुढे भूवैज्ञानिक हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये सागरतळ विस्ताराची, म्हणजे सागरतळ नव्याने तयार होऊन पसरत जातो ही, कल्पना मांडली, १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज या शास्त्रज्ञांनी सागरतळावरील चुंबकीय पट्ट्यांचा त्या विस्ताराच्या आधारे अर्थ लावला, आणि त्या दशकाच्या अखेरीस वाक्याचा कर्ताच बदलला : हलतो तो खंड नव्हे, तर खंड आणि सागरतळ या दोघांनाही अंगावर वागवणारा शिलावरणाचा (पृथ्वीच्या बाहेरील ताठ, खडकाळ थराचा) तुकडा, म्हणजेच भूपट्ट. पॅसिफिक भूपट्ट तर जवळजवळ संपूर्ण सागरतळाचाच आहे. तेथे ‘खंडवहन’ म्हणायचे तरी कशाला?

‘पट्ट’ म्हटले की लांबट पट्टा डोळ्यांसमोर येतो, ही अडचण खरी. तथापि संस्कृतात पट्ट म्हणजे फळी किंवा पाटाही होतो, आणि ‘शिलापट्ट’ हा शब्द आपल्याला परका नाही. मात्र भूपट्टांना ‘भूकवचाचे तुकडे’ म्हणू नये, कारण साधारण १०० किलोमीटर जाडीच्या या शिळेत भूकवचाखालील प्रावरणाचा वरचा ताठ थरही येतो.

‘विवर्तन’ मला खटकते, कारण भौतिकशास्त्रात ते प्रकाशाच्या वळण्यासाठी रूढ आहे. ‘टेक्टॉनिक्स’मागील मूळ ग्रीक ‘तेक्तोन’ म्हणजे सुतार, बांधणारा. आपला ‘तक्षन्’ त्याचाच सगोत्र. बांधणीचा हा अर्थ ‘विवर्तनिकी’ऐवजी ‘सांरचनिकी’ म्हटल्यास टिकतो, उच्चाराला तो शब्द जड असला तरी.

पुरवणी प्रश्न : मग भूपट्ट ‘वाहतात’ की ‘तरंगतात’?

उत्तर : ‘सरकतात’ म्हणावे. ‘लाव्हारसावर तरंगतात’ हे तर चूकच आहे, कारण प्रावरण घन असून लाखो वर्षांच्या हिशेबात ते अतिशय मंद गतीने प्रवाही होते. सागरी कण्यापाशी (सागरतळावरील पर्वतरांगेपाशी) तयार झालेला तळ दूर जाताना थंड व अधिक घनतेचा होत जातो, सागरी गर्तेपाशी (सागरतळावरील खोल खंदकापाशी) प्रावरणात बुडतो आणि आपल्या वजनाने मागचा भूपट्ट ओढून नेतो. या ओढीसाठी ‘खेच’ आणि कण्याकडून मिळणाऱ्या तुलनेने दुबळ्या बलासाठी ‘रेटा’ हे साधे शब्द पुरेसे आहेत. ज्यांच्या कडा मोठ्या प्रमाणावर अशा बुडत आहेत ते पॅसिफिकसारखे भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे इतरांपेक्षा वेगाने, सरकतात. बुडणारा हा तळ प्रावरणातील अभिसरणाचाच (उष्ण भाग वर व थंड भाग खाली जाण्याच्या चक्राचाच) थंड, उतरता भाग असल्याने ‘खेच की अभिसरण’ असा वाद घालण्याचेही कारण नाही.