स्विच नको, राउटर घ्या

मोडेमला साधा स्विच (एका वायरीवर अनेक कॉम्प्युटर जोडायचा डबा) जोडला तर तीनपैकी एकाच कॉम्प्युटरवर नेट का येतं, असं एकाने विचारलंय. घरगुती कनेक्शनला बाहेरचा आयपी पत्ता (इंटरनेटवर ओळख पटवणारा क्रमांक) बहुधा एकच मिळतो. तो सगळ्यांत वाटायचं काम राउटरचं, स्विचचं नव्हे. सिडकोत राहायला आलो तेव्हा मीही आधी स्विचच आणला, मग राउटरसाठी एमजी रोडच्या दुकानात पुन्हा फेरी!

जुना राउटर दुसरा म्हणून वरच्या मजल्यावर वापरायचा असेल तर त्याचं डीएचसीपी (कॉम्प्युटरना आपोआप पत्ते देणारी सोय) बंद करा. मोडेमला जोडलेल्या पहिल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्या आणि पहिल्याकडून आलेली वायर वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं नेट आत घ्यायची खाच) न खोचता लॅन पोर्टमध्ये (घरातले कॉम्प्युटर जोडायची खाच) खोचा. इथेच सगळे चुकतात. कॅट-५ई केबल (नेटवर्कची नेहमीची वायर) १०० मीटरपर्यंत चालते. मात्र ती गच्चीवरून ओढली असेल, तर आभाळ भरून आलं की काढून ठेवा; विजेने माझा एक पोर्ट गेलाय.