खाओ सानला जायचं तर मेट्रो नाही, म्हणून पहिल्या दिवशी सरळ टॅक्सी घ्या

असं वर एका पोस्टमध्ये बँकॉकच्या खाओ सानबद्दल (बॅकपॅकर्सची, स्वस्त हॉटेलांची गल्ली) म्हटलंय, त्यातलं मेट्रो नाही हे खरंच आहे, पण एकटा माणूस बजेटवर फिरत असेल तर टॅक्सीचा पूर्ण खर्च त्याच्याच बोकांडी बसतो आणि संध्याकाळी बँकॉकच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तर संपलंच. सुवर्णभूमी एअरपोर्टवरून रेल लिंक (शहरात जाणारी ट्रेन) पकडायची, शेवटचं स्टेशन फाया थाई, तिकीट ४५ बाथ, आणि तिथून पुढे जे इथे कोणीच सांगितलं नाही ते म्हणजे सॅन सॅप कालव्यातली बोट. फाया थाईहून रमतगमत चालत हुआ चांगचा धक्का येतो, तिथून पान्फाकडे जाणारी बोट घ्या, शेवटच्या धक्क्यावर उतरलं की खाओ सान चालत गाठता येतं.

बोट धक्क्याला जेमतेम टेकते, त्यामुळे पटकन चढायचं, बिचकायचं नाही. तिकीटवाला हेल्मेट घालून बाहेरच्या कडेवरून दोरी धरत फिरतो आणि पाणी उडायला लागलं की कडेला बसलेले लोक दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करतात, कडेला बसलात तर ते काम तुमचं. पाण्याला वास येतो, पण काठावरच्या घरांच्या मागच्या दारांत वाळत घातलेले कपडे, कुंड्या, ऑफिसातून घरी निघालेली माणसं हे सगळं हाताच्या अंतरावर दिसतं, मला तर पहिल्या दिवशी शहर तिथेच आवडलं. फक्त मोठी ट्रॉली बॅग असेल तर नको, पाठीवरची सॅक ठीक. आणि बोटी रात्री उशिरापर्यंत नसतात, त्यामुळे फ्लाइट रात्रीची असेल तर टॅक्सीच बरी.